रेणूला समजत होतं

रेणू पटले हिला पुस्तक ऐकून समजायचं, वाचून नाही. पान उघडलं की ओळी एकमेकींत शिरायच्या आणि वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असायची. शाळेत मास्तर मंद म्हणायचे. आई, सुमित्राबाई, म्हणायची, पोरीचं लक्षच नाही. बारावी कशीबशी धक्क्यानं निघाली आणि गोंदियाच्या कॉलेजात तिनं बी.ए.ला नाव घातलं.

तिथं तिची नीतू बिसेनशी गट्टी जमली. नीतूही रेणूच्याच गावची, सौंदडची, फक्त दुसऱ्या टोलीवरची, म्हणजे वस्तीवरची. तिचं सगळं उलट होतं. ती घडाघडा वाचायची, अक्षर तर छापल्यासारखं. पण पान उलटलं की डोकं कोरं. गोंदियाला जायची सकाळची गाडी नेहमी उशिरा यायची. मग फलाटावरच्या बाकावर नीतू मोठ्यानं वाचायची आणि रेणू डोळे मिटून ऐकायची.

"मागणीची लवचिकता म्हणजे किमतीतील बदलाला मागणीकडून मिळणारा प्रतिसाद," नीतूनं एकदा वाचलं आणि पुस्तक मांडीवर आपटलं. "काय सांगून राहिले, काई समजत नाई."

"थांब वं," रेणू म्हणाली. "मीठ महाग झालं तं तुही माय भाजी अळणी करते का?"

"नाई."

"अन् टिकल्या महाग झाल्या तं?"

"तं जुनीच लावते. रात्री आरशाले चिकटवून ठेवते."

"झालं मंग. भाव वाढला का टिकली वाकते, मीठ वाकत नाई."

नीतू हसली आणि तिनं ते वहीत आपल्या सुबक अक्षरात उतरवलं.

परीक्षेत नीतू चांगल्या मार्कांनी पास झाली. रेणूचे दोन विषय राहिले. उत्तर डोक्यात उभं असायचं, पण कागदावर उतरताना त्याचे तुकडे व्हायचे.

"नीतूसंगं बसते, नीतू पास होते. तू काऊन नाई होत?" वडिलांनी, भैयाजींनी विचारलं.

"मले येते, बाबा. लिहिता नाई येत."

"येते तं लिहिता काऊन नाई येत?"

भैयाजी रागावून विचारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या वर्षी संवाद कौशल्याचा नवा विषय आला. त्यात वर्गापुढं उभं राहून बोलायचे मार्क होते. "हा तं तुहाच पेपर आहे वं," नीतू म्हणाली. रेणूनं लवचिकतेचाच विषय घेतला. धानाच्या बांधावरून जाता-येता ती मोठ्यानं बोलायची. पडद्यावर दाखवायचे मुद्दे नीतूनंच टाइप करून दिले. आयुष्यात पहिल्यांदा रेणू परीक्षेची वाट पाहत होती.

त्या दिवशी नीतूचं नाव आधी आलं. तिचा विषय बाजारपेठेचा होता. दोन वाक्यं बोलून ती थांबली. कपाळावर घाम आला. मग तिनं पदर ओढावा तशी ओढणी सावरली आणि म्हणाली, "समजा, मीठ महाग झालं..." टिकली आली, आरसा आला, सगळं नीटनेटक्या पुस्तकी मराठीत. वर्ग कान देऊन ऐकत होता.

"बहोत बढ़िया!" मार्क देणारे दुर्गाप्रसाद सर म्हणाले. "याला म्हणतात स्वतःचा विचार."

रेणूनंही टाळ्या वाजवल्या. आपलं बोलणं इतकं छान दिसतं हे तिला ठाऊकच नव्हतं. टाळ्या थांबल्यावर सरांनी तिचं नाव घेतलं आणि तेव्हा कुठं आपल्याजवळ बोलायला काही उरलं नाही हे तिच्या ध्यानात आलं.

"विषय?"

"मागणीची लवचिकता."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. रेणू म्हणाली, "सर, आधी मोबाइलचं रिचार्ज महाग झालं तं लोक सोडून देत होते. आता उपाशी राहतीन, पन रिचार्ज मारतीन. म्हंजे वस्तू तेच आहे, पन आपन बदलून राहिलो..."

"बेटा," सरांनी हात वर केला, "हे संवाद कौशल्य आहे, पानठेल्यावरचं बोलणं नाही. पडद्यावरचे मुद्दे वाच."

रेणूनं पडद्याकडं पाहिलं. ओळी एकमेकींत शिरल्या. "मागणीची..." ती म्हणाली. "मागणीची..."

"बैठ जाओ," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, कंटाळा होता.

परतीच्या गाडीत नीतू रडली. "मले भेव लागलं वं. दुसरं काई सुचलंच नाई."

"जाऊ दे. चांगली बोलली तू."

ती खरंच चांगली बोलली होती, म्हणून तर रेणूला भांडताही आलं नाही.

नीतू बी.ए. होऊन नागपूरला एम.ए.ला गेली. रेणू दुसऱ्या वर्षातच अडकली. सुरुवातीला नीतू फोनवर धडे वाचून दाखवायची आणि रेणू समजावून सांगायची. मग एकदा नीतू म्हणाली, "आता सगळं इंग्रजीत आहे. तुले वाचून दाखवून काय फायदा?" बोलली मायेनंच. पुढं दिवाळीपुरते फोन राहिले.

मोबाइलमधली बाई पुस्तक वाचून दाखवते असं कुणीतरी सांगितलं. रेणूनं तेही करून पाहिलं. पण ती बाई वाचतच सुटायची. कुठं अडायची नाही, काही समजलं नाही म्हणून चिडायची नाही. आणि समोर कुणी अडल्याशिवाय रेणूचं डोकं चालायचं नाही.

एका दुपारी अंगणात बसून तिनं ओळीखाली बोट धरलं आणि स्वतःच मोठ्यानं वाचायला लागली.

"कोनासंगं बोलून राहिली वं?" सुमित्राबाईंनी आतून विचारलं.

"कोनासंगं नाई."

ऊन उतरलं तेव्हा अर्धं पान झालं होतं. वरच्या परिच्छेदात काय होतं, ते तिला आठवेना. तिनं पुस्तक मिटलं.

धानाची रोवणी सुरू झाली तशी ती आईबरोबर चिखलात उतरली. रांगेतल्या बाया काहीबाही विचारायच्या, ती हो-नाही करायची. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख गेल्याचं तिला मध्येच आठवलं. हात थांबले नाहीत. तिनं रोपांची पुढची पेंडी सोडली.