‘पुरे’ म्हणणारं माणूस

तपासनीसांनी आपलं इच्छापत्र लिफ्टच्या तपासणी-फॉर्मवर लिहिलं. दुसऱ्या कुठल्या कागदावर त्यांना धड लिहिताच येत नसे. छत्तीस वर्षं त्यांनी शहरातल्या लिफ्ट तपासल्या होत्या आणि निवृत्त होताना कोऱ्या फॉर्मांचा एक गठ्ठा, चुकून म्हणा हवं तर, घरी आणला होता.

‘यंत्राचा प्रकार : माणूस. वय : एकाहत्तर. सद्यःस्थिती : आवाज करतं, पण चालतं. दोष : डावा गुडघा.’ आणि त्याखाली मूळ मुद्दा : ‘मी बेशुद्ध पडलो आणि परत शुद्धीवर येण्याची आशा डॉक्टरांनी सोडली, तर श्वास देणारं मशीन लावू नये. लावलं असेल तर काढावं.’

शेवटची ओळ मात्र रिकामी होती. ‘मशीन थांबवायला सांगणारी व्यक्ती.’ घोडं तिथंच पेंड खात होतं.

हे खूळ डोक्यात शिरलं त्यांच्या कामावरच्या जुन्या जोडीदारामुळे. अडकलेल्या लिफ्टमधून शेकडो माणसं बाहेर काढणारा तो पठ्ठ्या स्वतः चार महिने मशीनवर पडून राहिला. ना वरच्या मजल्यावर, ना खालच्या. त्याची तिन्ही मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. प्रत्येकाचं बापावर प्रेम होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याने बोलावं.

“थांबवायचं बटण नसलेली लिफ्ट मी एकदाही पास केली नाही,” तपासनीस घरात सांगत फिरले. “मग मीच तसा कसा राहू?”

आणि चाचणी घेतल्याशिवाय कुणाला नेमायचं, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. रविवारी सकाळी त्यांनी बायको, मुलगा आणि मुलगी यांना बैठकीच्या खोलीत जमवलं. घरचे डॉक्टर होतेच. डॉक्टरांना नाटकाची भारी हौस आणि जन्मात कुणी एक भूमिका दिली नव्हती. आज ते पांढरा कोट इस्त्री करून आले होते. तपासनीस चप्पल काढून सोफ्यावर आडवे झाले, हात छातीवर ठेवले आणि डोळे मिटले.

“करा सुरू.”

पहिला नंबर मुलाचा. तो एका मोठ्या कंपनीत व्यवस्थापक होता, म्हणजे नेमकं काय करत होता ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

“तुमचे वडील आता शुद्धीवर येणार नाहीत,” डॉक्टर खर्जात म्हणाले. “तुमचा निर्णय?”

“ठीक आहे. आधी सगळ्यांची एक बैठक घेऊ.”

“वेळ नाही.”

“मग छोटी बैठक.”

“नापास,” सोफ्यावरून आवाज आला.

“पेशंटने बोलायचं नाही!” डॉक्टर खेकसले.

दुसरा नंबर बायकोचा. ती ओले हात पदराला पुसत आली.

“वहिनी, मन घट्ट करा. यांची अवस्था…”

“काढा.”

“अहो, मी अजून सांगितलंच नाही…”

“यांनी लिहिलंय ना काढा म्हणून? मग काढा. चव्वेचाळीस वर्षांत यांचं एक तरी ऐकायची संधी मिळतेय.”

तपासनीस ताडकन उठून बसले. “अगं, नाडी तरी बघ! मला नुसती झोप लागली असली तर?”

“झोपेत तुम्ही घोरता. गल्लीला कळतं.”

मुलगा हसला, डॉक्टर हसले. तपासनीसांना काही हसू येईना. आपल्याला जायची मुभा हवी होती खरी, पण निरोपाची ही घाई जिव्हारी लागली. ते काही बोलणार, तोच बायको वळली आणि स्वयंपाकघराच्या दारातून पाठमोरीच म्हणाली, “मला परत विचारू नका. एका दमात जमलं. दुसऱ्यांदा नाही जमणार.”

तपासनीस निमूट पुन्हा आडवे झाले.

राहिली मुलगी. ती जनावरांची डॉक्टर. केव्हाची खिडकीपाशी खुर्ची ओढून पाठ करून बसली होती.

“मी या खेळात नाही.”

“अगं, तुझं तर हे रोजचं काम,” तपासनीस डोळे मिटूनच म्हणाले.

“म्हणूनच. परवा सतरा वर्षांच्या बोक्याला सुई देऊन कायमचं निजवलं. हात जराही कापला नाही. पण त्या बोक्याने मला सायकल शिकवली नव्हती, बाबा.”

“मी तुझ्याकडे इंजेक्शन मागतोय का? कुणी मला ढकलू नका. नुसतं मधे अडकवून ठेवू नका, एवढंच.”

“फरक मला कळतो, तुमच्यापेक्षा जास्त कळतो. पण उद्या लोक म्हणतील, पोरीने बापाचं मशीन बंद केलं.”

“म्हणू देत. खाली सही माझी आहे. लोकांना फॉर्म दाखव.”

ती खुर्ची ओढत सोफ्याजवळ आली.

“कुत्रा आणला की मी आधी सुई नाही काढत. घरच्यांना विचारते, याला कशाकशात मजा वाटते? तीन गोष्टी सांगा. तुम्ही सांगा तुमच्या.”

असा प्रश्न कुठल्याच फॉर्मात नव्हता. तपासनीसांनी बराच विचार केला.

“चहा. कडक, दोन चमचे साखर.”

“एकच!” स्वयंपाकघरातून दुरुस्ती आली.

“दुसरं, वर्तमानपत्रातल्या चुका मोठ्याने वाचून दाखवणं. आणि तिसरं…” ते थोडे अडखळले. “तुझ्या आईशी वाद घालणं.”

“वाद कसला? मी बोलते, ते हरतात,” आतून आवाज आला.

“यातलं काही जमेल का त्यांना आता?” मुलीने डॉक्टरांना विचारलं. तिचा सूर एकदम दवाखान्यातला झाला होता.

डॉक्टर नाटक विसरले. “नाही. काहीच नाही.”

“दुखतंय का त्यांना?”

“दुखू नये म्हणून औषध चालू आहे.”

“दुसऱ्या डॉक्टरांनी बघितलं?”

“दोघांनी. तेही हेच म्हणाले.”

“एक आठवडा थांबू. मग पुन्हा तपासा.”

“आठवडा गेला,” डॉक्टर हळू म्हणाले. “फरक नाही.”

आतली भांड्यांची खडखड थांबली होती. मुलीने नाडी बघायला हात पुढे केला. जनावरांची नाडी मांडीत बघायच्या सवयीने तो आधी बापाच्या मांडीकडे गेला, मग तिथून परतून मनगटावर आला. तिने बराच वेळ मनगट धरून ठेवलं.

“थांबवा,” ती म्हणाली. “आता पुरे. थांबवा.”

तपासनीसांना ताबडतोब ‘पास’ म्हणून उठायचं होतं. पण मिटल्या डोळ्यांच्या कडेने जे ओघळत होतं ते पुसायचं तर हात मुलीच्या हातात.

“बाबा, उठा आता. नाडी एकशे चार आहे. बेशुद्ध माणसाला शोभत नाही.”

ते उठले. नाक शिंकरलं. फॉर्म तिच्यापुढे सरकवला आणि तिने रिकाम्या ओळीवर आपलं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वाईट, डॉक्टरी.

“एक सांग,” तपासनीसांनी विचारलं. “दोघा डॉक्टरांनी आशा नाही म्हटल्यावर पुन्हा आठवडा कशाला मागितलास? मला त्याचा काय उपयोग?”

“तुम्हाला काहीच नाही. तो माझ्यासाठी होता.”

तपासनीसांनी पेन परत घेतलं. आजवर त्यांना वाटत होतं, हा कागद आपल्या एकट्याच्या मालकीचा. त्यांनी समासात नीट अक्षरात लिहिलं : ‘सात दिवस, मुलीसाठी.’

“माझे दोन घाला त्यात!” आतून बायको ओरडली.

“अगं, तुला तर घाई होती!”

“घाला म्हटलं ना.”

वादात काही अर्थ नव्हता. तपासनीसांनी सात खोडून नऊ केले, पुढे ‘आणि बायकोसाठी’ असं जोडलं, आणि मुलाने तोंड उघडायच्या आत सही ठोकली.