ओर्नेलाचा सत्ताविसावा अंदाज

ओर्नेलाला आणि मला स्की येत नाही. तरी सव्वीस वर्षं दर फेब्रुवारीत आम्ही स्कीच्या डोंगरावर जायचो, ते फक्त जेवायला. सकाळी आमच्या बिएला शहरातून गाडीनं निघायचं, डोंगराखालच्या गावात गाडी लावायची, बिनस्कीवाल्यांचं तिकीट काढून रोपवेनं वर जायचं आणि देल्फीनाच्या खाणावळीत बसायचं. रोपवेच्या डब्यात आजूबाजूला सगळे हेल्मेट घातलेले, हातात स्की धरलेले. आमच्या पायांत साधे चामडी बूट. कोणी ना कोणी विचारायचंच, की तुमच्या स्की कुठे आहेत. मग ओर्नेला पर्समधून चमचा काढून दाखवायची.

"ही बघा. एकच आहे, पण चांगली घसरते."

चमचा तिच्या घरचा होता, पातळ कडांचा. देल्फीनाचे चमचे जाडे आहेत, त्यांनी जिभेला काही कळत नाही, असं तिचं म्हणणं. हे ती देल्फीनाला तोंडावर सांगायची.

ओर्नेला जूनमध्ये गेली. यंदा मी जाणार नव्हतो, पण एक काम राहिलं होतं. तिचा सत्ताविसावा अंदाज देल्फीनाला सांगायचा होता.

अंदाज देल्फीनाच्या सुपात काय घातलंय याचा. आम्ही त्याला सूप म्हणतो, पण त्यात चमचा उभा राहतो. मातीच्या वाडग्यात काळ्या पावाचे तुकडे, त्यावर कोबी, त्यावर फोंतीना चीज, पुन्हा पाव, पुन्हा कोबी, असे थर लावायचे, वरून हाडांचा रस्सा ओतायचा आणि सगळं भट्टीत ठेवायचं. वरचं चीज तपकिरी झालं की बाहेर. खोऱ्यात घरोघरी होतं हे. पण देल्फीनाच्या सुपात आणखी काहीतरी आहे, जे दुसऱ्या कोणाच्या नसतं.

पहिल्या वर्षी ओर्नेलानं वाडगा संपवला, देल्फीनाला बोलावलं आणि म्हणाली, जायफळ. देल्फीना म्हणाली, चूक. काहीतरी आहे हे बरोबर, पण ते तुला सापडायचं नाही. हे बोलायला नको होतं. ओर्नेला कापडगिरणीत कापड तपासायची. मी तिथेच माग दुरुस्त करायचो, म्हणून सांगतो, चाळीस मीटरच्या ताग्यात एक धागा सुटला असला तरी तिच्या बोटांना तो लागायचा. तिला एखादी गोष्ट सापडायची नाही, असं आधी कोणी म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून दोघींचे नियम ठरले. वाडगा रिकामा झाल्यावरच बोलायचं. एका हिवाळ्यात एकच अंदाज. आधीचा पुन्हा चालणार नाही. सव्वीस वर्षांत ओर्नेलानं दालचिनी म्हटलं, चीजची जुनी साल म्हटलं, सुकवलेली नाशपाती म्हटलं, रानातले मश्रूम म्हटलं. देल्फीना प्रत्येक वेळी हातातलं काम न थांबवता "चूक" म्हणायची आणि पुढच्या टेबलाकडे जायची. परतीच्या वाटेवर ओर्नेला पुढच्या वर्षीचा विचार करत बसायची. मी गाडी चालवायचो. मला सूप आवडायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

हॉस्पिटलात शेवटी तिचं खाणं बंद झालं होतं. एका सकाळी खिडकीखाली गवत कापत होते. तिनं डोळे उघडले.

"गवत, सेवेरीनो. वाळलेलं गवत. वरच्या कुरणातलं. उकळत्या रश्श्यात मूठभर घालते आणि काढून टाकते." थोड्या वेळानं म्हणाली, "तू जाऊन सांग तिला. पण कीव करून हो म्हणाली तर मला नको ते."

मी म्हटलं, सांगतो. कीव ओळखायची कशी, ते विचारायचं राहिलं.

वर पोचलो तेव्हा बारा वाजले होते. खाणावळ भरलेली, दारात स्कींची रांग. देल्फीना आता साठीच्या पुढे आहे. पंधरा टेबलं, आणि एका दंडावर चार वाडगे घेऊन ती त्यांतून अशी जाते की कोणाच्या कोपराला धक्का नाही. असं काम मी गिरणीतही फार थोड्यांचं पाहिलं. तिनं मला पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मी जूनचं सांगितलं. तिनं ओल्या हातांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.  मग मला लांब टेबलावर नोवाराहून आलेल्या तिघांबरोबर बसवलं. एकट्याला एकटं टेबल ती कोणालाच देत नाही.

न विचारता नेहमीचं आलं. आधी मिठात मुरवलेली चरबी, कागदासारखी पातळ कापलेली, वर मधात शिजवलेले चेस्टनट. गरम काळ्या पावावर ठेवली की ती आपोआप विरघळते. मग वाळवलेल्या मांसाचे काप, आणि लहान सुरईत लाल वाइन. सगळं पहिल्यासारखंच असणार. मला मात्र कशाची चव लागत नव्हती. आठ महिने मी मोरीपाशी उभा राहून डब्यातले घेवडे खात होतो आणि ते घेवडे आहेत हे डब्यावर वाचून कळायचं. इथेही तेच. नोवाराच्या तिघांमधला थोरला, उल्देरीको नावाचा जाडा माणूस, दर घासाला डोळे मिटत होता. मला त्याचा हेवा वाटला.

सूप आलं. मी वाडगा संपवला, तळ खरवडला. देल्फीना तीन वाडगे घेऊन जवळून जात होती. मी म्हटलं, "ओर्नेलानं सांगितलंय. वाळलेलं गवत."

मी तिच्या हातांकडे पाहत होतो. हात थांबले असते तर माझ्या लक्षात आलं असतं.

"चूक," ती म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

उल्देरीकोला वाटलं असेल, बाईनं माझा अपमान केला. माझ्या छातीवरचा दगड उतरला होता. आठ महिने लोक माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, माझी मुलगीसुद्धा. आणि ही बाई ओर्नेलाशी अजून तशीच भांडत होती, जशी ती समोर बसलेली असताना भांडायची. ओर्नेलाचा असा मान दुसऱ्या कोणी ठेवला नाही.

वाडगे पोचवून ती परत आली. म्हणाली, "किती म्हणाली ती? गवत."

"मूठभर. तिची मूठ, तुमची नव्हे."

तिनं आपल्या हाताकडे पाहिलं आणि हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, गवत दुसऱ्या कापणीचं हवं, पहिलं राठ असतं. गुरुवारी गर्दी कमी असते तेव्हा करून बघते. ती माझं मन राखत नव्हती. मनातल्या मनात तिनं पातेलं चढवलेलंसुद्धा होतं.

"तो तिचा झाला," ती म्हणाली. "आता तुमचा."

"माझा कसला?"

"नियम माणशी एक असा आहे. तुम्ही सव्वीस वर्षं नुसते जेवून गेलात."

 मी म्हटलं, जायफळ.

"ते पहिल्या वर्षी झालं. ऐकत होतात का तुम्ही, अहो?"

मग मी तिला खरं सांगितलं. तोंडाला चव नाही, घेवडे आणि लाकूड मला सारखंच. वाटलं होतं, आता ती हळू आवाजात बोलेल. ती आत गेली आणि अर्धा वाडगा आणखी घेऊन आली.

"खिशातला तिचा चमचा काढा," म्हणाली. "आमच्या चमच्यांच्या कडा जाड आहेत."

तो कोटाच्या खिशात आहे हे तिला कसं कळलं, कोण जाणे. मी काढला. त्या चमच्यानं मी कधी खाल्लं नव्हतं. कड खरोखर पातळ होती, जिभेवर चमचा जाणवतच नव्हता, फक्त सूप. मी ओर्नेलासारखं सावकाश खाल्लं. आधी गरमपणा कळला. मग कोबी, गोडसर. मग चीज, मग रश्श्यात भिजलेला पाव, थोडा आंबट. मी थांबलो, कारण या सगळ्याची चव मला लागत होती. आणि घास गिळल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना, अगदी मागे, काहीतरी बारीक कडसर राहिलं. दुसऱ्या घासाला पुन्हा तिथेच. त्याचं नाव मला सांगता येईना. पण ते होतं. तागा सरकता सरकता ओर्नेलाचं बोट अडायचं, तसं.

तेवढ्यात नोवारावाल्यांचं कॉफीचं भांडं आलं. आमच्याकडे लाकडी असतं, झाकणाचं, चहूबाजूंनी तोट्या. आत कॉफी, द्राक्षाची कडक दारू, साखर, संत्र्याची साल. प्रत्येकानं आपल्या तोटीनं प्यायचं आणि पुढे द्यायचं, रिकामं होईपर्यंत टेबलावर ठेवायचं नाही. त्यांनी मला न विचारता चार तोट्यांचं मागवलं होतं. उल्देरीकोनं माझ्या हातात दिलं. मी दोन्ही हातांनी धरलं, वास घेतला आणि न पिता पुढे दिलं.

उल्देरीको म्हणाला, "हे काय, आजोबा? आमच्या तोंडचं चालत नाही का?"

"आठ महिन्यांनी तोंडाला चव आलीय. ती कॉफीनं धुवायची नाही."

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. माझा वाटा त्यांनी आळीपाळीनं संपवला. उल्देरीकोनं स्वतःसाठी सूप मागवलं, दोन घास खाल्ले आणि जोरात म्हणाला, लवंग. देल्फीनानं मान वर केली नाही. म्हणाली, तुम्ही आधी सव्वीस वर्षं या, मग बोला.

निघताना तिनं मला दारात अडवलं. "हं, बोला."

मी मान हलवली. आज नाही.

"रोपवे ईस्टरपर्यंत चालू आहे," ती म्हणाली. "तोवर तुमचा अंदाज शिल्लक." आणि आत गेली, कारण कोणीतरी वाइन मागत होतं.

उतरताना डब्यात माझ्यासमोर एक बाई बसली होती. हेल्मेट मांडीवर, गुडघ्यांशी स्की. तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं आणि विचारलं, तुमच्या स्की कुठे राहिल्या?

कडसर चव अजून जिभेच्या कडांना होती. तोंड उघडलं असतं तर गेली असती. मी खिशातून चमचा काढला आणि तिला दाखवला.