गोठ्यातल्या साखळ्या

“ही किंमत एका चाकाची की दोन्ही चाकांची?” गिअरभाऊने विचारले.

“जोडीची. तुमच्या ट्रॅक्टरला मागं तिसरं चाक असेल तर त्याचं वेगळं पडेल,” दुकानदार म्हणाला आणि स्वतःच हसला.

गिअरभाऊला हसू आले नाही. काउंटरवर पसरलेली साखळी तो बोटांनी चाचपत होता. टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला बसणाऱ्या दोन लांब साखळ्या, त्यांना जोडणाऱ्या आखूड आडव्या साखळ्या, आणि सगळे ताणून धरायला आकडे. दोराची शिडी गुंडाळून ठेवावी तसा प्रकार. यात एवढे सोने कुठे लावले आहे हे त्याला कळेना.

“काही कमी-जास्त?”

“त्यापेक्षा नवे टायर घाला की. तुमचे पार गुळगुळीत झालेत. चिखल धरणार कसा?”

“नवे टायर घालायची ऐपत असती तर साखळ्यांच्या मागं लागलो असतो का?”

“मग चिखलात जाऊ नका,” असा फुकटचा सल्ला देऊन दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

चिखलात न जाऊन करायचे काय? वरच्या वस्तीचे दूध रोज खालच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या डेअरीच्या ट्रकपर्यंत आणायचे, हे गिअरभाऊचे काम होते. मधला उतार चिकणमातीचा. पावसाळ्यात त्यावरून माणूस चालला तरी दोन पावलांत एक पाऊल मागे येते. गेल्या आठवड्यात दोनदा त्याला उशीर झाला आणि ट्रक निघून गेला. डेअरीच्या मॅनेजरने त्याला बाजूला घेऊन समजावले होते. “भाऊ, आता एकदा जरी दूध चुकलं, तर मला हे काम जीपवाल्याला सांगावं लागेल. डेअरीचे साहेब माझ्या डोक्यावर बसतात.”

मॅनेजरचेही चूक नव्हते. गिअरभाऊ पहिल्यापासून सावकाश. ट्रॅक्टर कायम पहिल्या गिअरमध्ये, म्हणून हे नाव पडले. हा माणूस जेवतोही पहिल्या गिअरमध्ये, असे लोक म्हणत, आणि ते खोटे नव्हते. पण इतक्या वर्षांत त्याने कुणाच्या कुंपणाची काडी मोडली नव्हती की कोंबडी चिरडली नव्हती.

हे काम गेले तर इथले घरही सोडावे लागणार, हे त्याला आणि बायकोला दोघांनाही पक्के ठाऊक होते. शहरातला मुलगा फोनवर एकच सांगायचा: ट्रॅक्टर विका, इकडे या, आहे त्या खोलीत राहू. मुलगा मनाने चांगला. पण त्याची खोली दोघांनी पाहिली होती. तिथे पाय पसरायचे तर सुनेला विचारून पसरावे लागले असते.

घरी आल्यावर गिअरभाऊ बराच वेळ बंद गोठ्याकडे बघत बसला. बायको भांडी घासत होती.

“अगं, आतल्या साखळ्या आहेत ना अजून?”

भांड्यांचा आवाज थांबला. “कशाला?”

“दुकानातल्या परवडत नाहीत. आपल्या जोडून बघाव्या म्हणतो. नाहीतरी गंजून जाणार.”

दोन वर्षांपूर्वी गायींवर साथ आली आणि एका आठवड्यात गोठा रिकामा झाला. तेव्हापासून तिने आत पाऊल टाकले नव्हते. अंगण झाडताना सुद्धा ती गोठ्याच्या दाराशी येऊन मागे फिरायची. गिअरभाऊच्या तोंडून शब्द गेला खरा, पण लगेच त्याला वाटले, उगाच बोललो.

ती हात पुसत उठली. “तुम्ही नका जाऊ. मी काढते.”

तिने खुंट्यांवरून एकेक साखळी उतरवली आणि अंगणात आणून ठेवली. ठेवताना पुटपुटत होती. “ही काळीची. ही बांडीची. ही शिंगमोडीची, हिचा लळा फार.” गिअरभाऊने मान खाली घातली. रडायला बसलो तर साखळ्या कोण जोडणार, असा त्याचा हिशेब.

पुढचे दोन दिवस दोघे अंगणातून हलले नाहीत. साखळ्या डिझेलमध्ये धुतल्या. लांब साखळी करायला टोकाला टोक जोडायचे होते. ट्रॅक्टरची बारीकसारीक लोखंडी कामे गिअरभाऊ घरीच करायचा; त्याने निखाऱ्यावर लोखंडी कड्या लाल केल्या आणि ठोकून ठोकून त्यांची तोंडे मिटवली. ती भात्यावर बसली. मधेच तिने विचारले, “आडव्या कशा टिकतील? सगळा भार त्यांच्यावर.”

“म्हणून त्या दुहेरी घेतल्यात.”

“डोकं आहे म्हणजे.”

“इतक्या वर्षांनी कळलं होय?”

साखळ्या पहिल्यांदा चढवल्या त्या दिवशी ट्रॅक्टर उतारावर असा गेला की गिअरभाऊलाच धास्ती वाटली. मागची चाके चिखलात रुतायची, साखळी चावा घ्यायची आणि गाडी पुढे सरकायची. वरच्या वस्तीतली माणसे खळखळाट ऐकून बाहेर आली. एक म्हातारी म्हणाली, “अगं बाई, ट्रॅक्टरला पैंजण कुणी घातले?”

ट्रक यायच्या आधी दूध खाली पोचले. मॅनेजरने घड्याळ पाहिले, मग गिअरभाऊकडे पाहिले, आणि नुसती मान डोलावली. ही त्याच्याकडची शाबासकी.

घरी येऊन गिअरभाऊने पैंजणांचे सांगितले तेव्हा बायको हसली. तोंडावर हात न ठेवता, मोकळी हसली. हा आवाज या घरात होता हे तो विसरूनच गेला होता. त्या रात्री तो वर्षानुवर्षांची झोप एकदम झोपला. मुलाचा फोन आला तर तिने सांगून टाकले, “आम्ही काही येत नाही. तुझ्या बापानं ट्रॅक्टरला पैंजण घातलेत.”

हे सुख आठवडाभरही पुरले नाही.

त्या सकाळी पाऊस थांबला होता, पण माती लोण्यासारखी झाली होती. भरलेले कॅन ट्रॉलीत होते, ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये उतरत होता. वळणावर डाव्या चाकाखालून खट असा आवाज आला. मग काहीतरी मडगार्डवर दणादण आपटू लागले. गिअरभाऊने वळून पाहिले, तेवढ्यात साखळी चाकावरून निसटून पडली आणि ट्रॅक्टर आडवा घसरायला लागला. ब्रेकचा उपयोग नव्हता. खड्ड्याच्या कडेला तो कसाबसा थांबला, मात्र ट्रॉली कलंडली.

कॅनची झाकणे उडाली. सगळ्या वस्तीचे दूध तांबड्या चिखलावरून ओघळत खाली गेले. गिअरभाऊने चिखलात गुडघे टेकून एक कॅन सरळ केला. तो रिकामाच होता, तरी त्याने झाकण लावले.

वरून माणसे धावत आली. कुणी शिवी दिली असती तर बरे झाले असते. “तुम्हाला लागलं नाही ना?” एवढेच विचारले, आणि मग ज्याने त्याने आपापले कॅन शोधून उचलले.

ट्रॅक्टर ओढून काढायला जीपवालाच आला. दोर त्यानेच बांधला, सगळे झाल्यावर गिअरभाऊला पाणीही त्यानेच दिले. “भाऊ, मी तुमचं काम मागायला गेलो नव्हतो,” तो म्हणाला. जीपवाला वाईट माणूस असता तर निदान त्याचा राग तरी करता आला असता.

संध्याकाळी मॅनेजरचा निरोप आला. गिअरभाऊने तो पुरता ऐकलाही नाही. त्यानंतर बायकोने मुलाला फोन लावला. ट्रॅक्टर बघायला एक गिऱ्हाईक सकाळीच येईल, असे ठरले. सगळे इतके पटकन ठरले की जणू फक्त त्यांच्या होकाराचीच वाट बघत होते.

गिअरभाऊ पायरीवर बसून होता. तुटलेली साखळी पायाशी पडली होती.

“हात गेला माझा,” तो म्हणाला. “एवढी वर्षं लोखंड ठोकलं, आणि साधी कडी मिटवता येईना. कच्च्या जोडापायी लोकांचं दूध चिखलात घातलं. म्हातारा झालो, दुसरं काय.”

बायको खाली बसली. तिने साखळी मांडीवर घेतली आणि जपमाळ ओढावी तशी कडी कडी पुढे सरकवत गेली. एका जागी तिची बोटे थांबली. तिने ती कडी उजेडाकडे धरली.

“तुमचा जोड नाही तुटला. तुमचे सगळे जोड धड आहेत.”

“मग काय आपोआप तुटली?”

“ही जुनी कडी आहे. बघा, एका बाजूनं कापलेली. वरून नुसता वेल्डिंगचा टाका मारलाय.”

“कुणी मारला?”

“मी मारून घेतला.”

गिअरभाऊने वाकून कडी पाहिली.

“मागं ती लहान पाडी गळ्याला साखळीचा फास बसून मेली होती ना, तेव्हा. मी म्हणत होते, गायी रात्री मोकळ्या सोडू. तुम्ही म्हणालात, लोकांच्या पिकात शिरतील, भांडणं कोण निस्तरणार. मग तुम्ही नसताना मी म्हाताऱ्या वेल्डरकडून सगळ्या साखळ्यांतली एकेक कडी अशी करून आणली. जनावर घाबरून जीव खाऊन ओढायला लागलं तर सुटावं, एवढ्यासाठी.”

“आणि हे मला आज सांगतेस?”

त्याचा आवाज चढला होता. ती घाबरली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायचे तिला सुचत नव्हते.

“त्या दिवशी साखळ्या हातात घेतल्या तेव्हा मला गायीच दिसल्या हो. कड्या दिसल्याच नाहीत.”

रागावण्यासारखे पुष्कळ होते. काम गेले होते, घर जाणार होते, आणि सगळे एका टाक्यापायी, तोही हिने मायेपोटी मारून घेतलेला. गिअरभाऊने साखळीचे दुसरे टोक उचलले.

“कुणाची आहे ही?” शेवटी त्याने विचारले.

तिने टोकाची कडी चाचपली. “बांडीची.”

“तोडली होती का तिनं कधी?”

“नाही,” ती म्हणाली. “एकीनंही नाही तोडली. साथीत इतक्या तडफडल्या, पण बांधल्या जागीच मेल्या.”

गिअरभाऊने मान हलवली. मग तो उठून ट्रॅक्टरकडे गेला. उजव्या चाकावरची साखळी शाबूत होती, पण ट्रॅक्टरबरोबर ती द्यायची नव्हती; गिऱ्हाईक यायच्या आत उतरवायला हवी होती. त्याने आकडा ओढला, हिसडला, खालून हातोडीने ठोकला. आकडा त्याने स्वतः बनवलेला होता. काही केल्या सुटेना.

“थांबा,” म्हणत ती आली, आणि दुसऱ्या बाजूने साखळी धरून उभी राहिली.