रेवडी चार वेळा जेवायची

कारखान्यांच्या गावात एक नियम सगळ्यांना पाठ असतो. शिफ्टवरून येऊन झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही. पाहुणे आले तरी नाही, गॅस संपला तरी नाही. पिंपळे गुरवातली पोरं आधी चवड्यांवर चालायला शिकतात आणि मग पूर्ण पायावर, असं वरच्या मजल्यावरचे सोपानराव, म्हणजे रणजीतचे चुलते, म्हणायचे. पूनम रणजीतशी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला देवघर दाखवायच्या आधी हा नियम सांगितला गेला होता. तिने तो इतक्या नेटाने पाळला की शेवटी तो तिच्याच मुळावर आला.

दोन वर्षांपूर्वी तिला पाचवा महिना होता. सकाळी पोटात दुखायला लागलं तेव्हा रणजीत लागोपाठ दोन शिफ्ट करून येऊन मेल्यासारखा झोपला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, शेजारच्या कुसुमताईंना बोलावलं आणि रिक्षाने दवाखाना गाठला. रणजीत जागा होऊन धावत पोहोचला तोवर सगळं संपलं होतं. त्या दिवशी तो काही बोलला नाही, तीही बोलली नाही, आणि न बोलण्याचं एक वाईट असतं, एकदा सवय लागली की ते सोपं वाटायला लागतं. हा झोपून राहिला, एवढंच पूनमच्या मनात घट्ट बसलं. त्याच्या मनात काय बसलं ते तिने विचारलं नाही.

मग तिने चाकणच्या आपल्या वायरिंगच्या कंपनीत कायमची फर्स्ट शिफ्ट मागून घेतली. रणजीतने भोसरीत कायमची सेकंड घेतली. सेकंड कुणालाच नको असते, त्यामुळे त्याच्या सुपरवायझरला आनंदच झाला. त्याची सुट्टी गुरुवारी, हिची रविवारी. ती पहाटे निघायची तेव्हा तो झोपलेला, तो रात्री यायचा तेव्हा ती झोपलेली. तो हॉलमध्ये, ती आतल्या खोलीत. सिलिंडर आणि दूध यांपलीकडे दोघांना विषय उरला नव्हता. घर कसं शांत चाललंय, म्हणून नातेवाईक कौतुक करायचे.

कुत्री आणायचं पूनमने ठरवलं. कासारवाडीच्या नबीलाचा एक गट होता. टाकून दिलेल्या लॅब्रॅडॉर कुत्र्यांना ते सोडवून आणायचे, औषधपाणी करायचे आणि चांगलं घर बघून द्यायचे. बाकी कुठल्या जातीला हात लावायचे नाहीत, तेवढीच झेपतात म्हणून. त्यांनी मोबाइलवर टाकलेल्या फोटोत सात वर्षांची एक पिवळट कुत्री होती. पिल्लं विकणाऱ्या कुणीतरी तिला वर्षानुवर्षं वापरून, आता पिल्लं होत नाहीत म्हटल्यावर, चाकणजवळच्या एका गोडाउनमागे बांधून ठेवून पोबारा केला होता. तिची पिल्लं दर खेपेला कुणीतरी घेऊन गेलं होतं. पूनमने तो फोटो दिवसभरात कितीदा तरी उघडला.

नबीला घर बघायला आली तेव्हा दोघांनीही हजर असणं सक्तीचं होतं. दोघांनी अर्धा अर्धा दिवस रजा टाकली आणि एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसले. नबीलाने गेट बघितलं, जिना बघितला, मग तिचा ठरलेला प्रश्न टाकला. कुत्री एकटी किती वेळ राहील? भले भले फ्लॅटवाले या प्रश्नाला गळायचे. पूनम म्हणाली, दुपारचे दोन तास फक्त, बाकी आमच्यातलं एक जण कायम घरी असतं. नबीला खूश झाली. असं टायमिंग आजवर बघितलं नाही म्हणाली. असं टायमिंग का आहे, हे काही तिने विचारलं नाही.

रेवडी हे नाव गटानेच ठेवलं होतं. ती आली, घर हुंगलं आणि स्वयंपाकघराच्या दारात अंग टाकलं. पूनमच्या पायावर डोकं ठेवून झोपली तेव्हा पूनमला वाटलं, आता हिला कुणी न्यायला नको.

जेवण दोन वेळा, असं नबीलाने बजावलं होतं. पूनम पहाटे निघताना घालायची आणि संध्याकाळी घालायची. झाले दोन. रणजीत उठायचा तेव्हा रेवडी रिकाम्या वाडग्यापुढे अशी बसलेली असायची की जन्मात अन्न बघितलं नाही. तो घालायचा. रात्री कामावरून आल्यावर पुन्हा तेच तोंड, पुन्हा घालायचा. त्याचेही दोनच. पूनमला वाटायचं, हा माणूस मुक्या जिवाला उपाशी ठेवून निजतो, याच्याकडून दुसरी काय अपेक्षा करायची. तोही तिच्याबद्दल नेमकं हेच म्हणत असणार, हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. एकदा सोपानराव जिन्यात थबकले आणि म्हणाले, “सूनबाई, कुत्रं हाय का म्हस?” पूनमने ते हसण्यावारी नेलं.

नबीलाने हसण्यावारी नेलं नाही. तीन महिन्यांनी ती बघायला आली तर रेवडी तीन पायऱ्या चढून धापा टाकत बसली. काट्यावर दहा किलो जास्त भरली. नबीलाने दोघांना समोर बसवून विचारलं, जेवण कोण देतं?

“मी देते,” पूनम म्हणाली. “हे देत नाहीत.”

“मीच देतो,” रणजीत म्हणाला. “ही उपाशी ठेवून जाते.”

नबीलाला आधी हसू आलं आणि मग राग आला. रेवडीचे कंबरेचे सांधे आधीच त्या पिल्लंवाल्याच्या पिंजऱ्यात बसून गेलेत, असंच चाललं तर वर्षभरात उठणार नाही, म्हणाली. सकाळी पूनमने घालायचं, रात्री रणजीतने, मध्ये काही नाही. महिन्याने परत वजन करणार. “कम नाही झालं तर मी हिला घेऊन जाणार, ताई. मला वाईट वाटेल, पण नेणार. तुम्ही एकमेकांना नुसतं सांगत का नाही?”



सांगण्याऐवजी त्यांनी नबीलासमोरच एक तोड काढली. जेवण घातलं की वाडगं पालथं घालून ठेवायचं. उताणं दिसलं तर समजायचं, समोरचा विसरला. मुक्यांच्या घरात मुका कायदा. पण रोज पहाटे पूनमला वाडगं उताणंच दिसायचं. ती कपाळाला हात लावायची आणि राहिलेलं म्हणून दुप्पट घालायची.

महिना भरायला चार दिवस राहिले असताना ती दुपारी कामावरून आली. वाडगं पालथं होतं. रेवडीने तिच्याकडे बघितलं, शांतपणे नाक खाली घातलं, वाडगं उलटवलं आणि समोर बसून बिचारं तोंड केलं.

पूनम तिथेच भिंतीला टेकली. म्हणजे तो विसरत नव्हता. एकाही रात्री विसरला नव्हता, आणि ती रोज पहाटे त्याला मनात शिव्या घालून निघत होती. तिला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त रेवडी जाईल याची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती बूट घालून हॉलमध्ये उभी राहिली. वाडगं उताणं. रणजीत भिंतीकडे तोंड करून झोपलेला. कंपनीची बस यायला थोडाच वेळ होता. लग्नापासून तिने त्याला एकदाही उठवलं नव्हतं, त्या सकाळीसुद्धा नाही. तिने वाकून त्याच्या खांद्याला हात लावला.

तो दचकून उठला. “काय झालं?”

“काही नाही. रात्री रेवडीला घातलं होतं का, तेवढं विचारायचं होतं.”

“व्हय. घातलं की.”

“बरं. झोपा तुम्ही. उगाच उठवलं.”

तो आडवा झाला नाही. अंधुक उजेडात बसून राहिला आणि मग म्हणाला, “उठवत जा. तवाबी उठवायचं होतंस, पूनम. मी आलो असतो.”

दोन वर्षं ती धरून बसली होती की हा झोपून राहिला, आणि दोन वर्षं तो धरून बसला होता की हिने हाक मारली नाही. “तुम्ही दमला होतात,” ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला रडू फुटलं. ती त्याच्या गादीच्या कडेला बसली. बाहेर बसचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला आणि बस गेली. रणजीतने तिचा हात धरला होता.

घरातली दोन्ही माणसं एकाच गादीवर बसलेली, असा योग रेवडीने या घरात येऊन पहिल्यांदा बघितला. ती उठली, वाडगं तोंडात धरून आणलं, दोघांच्या मधोमध ठेवलं आणि आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे बघितलं.

“नाही,” दोघं एकदमच म्हणाले.

रेवडी बघतच राहिली. हा शब्द या घरात तिला अजून कुणी ऐकवला नव्हता.