चारशे बारा गप्प नंबर

ऑफिसात त्याला सगळे वाटपे म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हतं. शहरभरच्या यंत्रांना नंबर वाटणं हे त्याचं काम, म्हणून वाटपे. पाण्याचे मीटर, पार्किंगमधले सेन्सर, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यातली हाकेची बटणं, ही सगळी यंत्रं गच्चीगच्चीवर बसवलेल्या रिसीव्हरशी बिनतारी बोलत, आणि कोण बोलतंय हे कळायला प्रत्येकाला एक नंबर लागे. नंबर एकूण पासष्ट हजार पाचशे छत्तीस. त्यापुढे एकही नाही. बारा वर्षांपूर्वी हा आकडा वाटपेनेच ठरवला होता. नंबर जितका लांब तितका बोलायला वेळ जास्त, आणि हवेत एका वेळी एकानेच बोलायचं, म्हणजे वेळ मोजकाच. म्हणून त्याने सगळंच आखूड करून टाकलं होतं. मीटरला आकडा सांगावा लागतो, पण बाकीच्यांचं काम एक किंवा शून्यावर भागतं. पार्किंगच्या सेन्सरने एक म्हटलं की गाडी उभी आहे. बटणाने एक म्हटलं की माणूस पडलंय, या. या काटकसरीचा त्याला भारी अभिमान होता आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला तो ती समजावून सांगे, त्याने विचारलेलं नसलं तरी.

त्याची थोरली बहीण शहराच्या पार टोकाला, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं, शाळेत सोडलं, कानफटात मारली, परीक्षेच्या दिवसांत उशाशी बसून जागी राहिली. आता तिचे गुडघे गेले होते. वाटपेच्या घरात तिच्यासाठी जागा नव्हती असं नाही, ती करावी लागली असती. त्याने त्याऐवजी तिच्या गळ्यात बटण घातलं.

"हे दाबलंस ना ताई, की आमच्या कंट्रोल रूमला कळतं. ते लगेच मला फोन करतात. म्हणजे मीच इथे बसलोय असं समज."

"तू बसलायस असं कसं समजू? तू बसलास की चहा मागतोस," ताई म्हणाली, पण बटण तिने घातलं, आणि आंघोळीलासुद्धा काढलं नाही. त्यानंतर वाटपेच्या रविवारच्या फेऱ्या हळूहळू कमी झाल्या. बटण होतं ना.

मग कंपनीला ते मोठं गिऱ्हाईक मिळालं. शहरातल्या सगळ्या पार्किंगच्या जागा, नऊ हजार सेन्सर, एका फटक्यात. साहेब वयाने वाटपेपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण उत्साहाने त्याच्या तिप्पट. त्यांनी होकार देऊन टाकला आणि मग वाटपेला विचारलं, जागा आहे ना? जागा नव्हती. हवेतही नव्हती आणि नंबरांतही नव्हती.

हवेतली जागा कशी काढायची ते साहेबांनीच सुचवलं. प्रत्येक बटण रोज सकाळी एकदा 'मी आहे' एवढं सांगायचं, म्हणजे ते बिघडलेलं नाही हे कळायचं. "रोज रोज काय मी आहे, मी आहे?" साहेब म्हणाले. "महिन्यातून एकदा सांगू दे की." वाटपेने कागदावर लिहून दिलं की सगळी बटणं एक तारखेला एकदम बोलायला लागली तर जवळच्यांचं ऐकू येईल आणि लांबच्यांचं हवेतच विरेल. साहेबांनी कागद वाचला, "छान मांडलंय" म्हणाले आणि फाइलला लावला. वाटपेने वेळापत्रक बदललं.

तीन महिने गेले, सेन्सर बसून तयार झाले; नंबर मात्र कितीही ओढाताण केली तरी चारशे बारा कमी पडत होते.

"दोन महिने गप्प असलेला नंबर आपण परत वापरतो ना?" साहेबांनी विचारलं.

"वापरतो. मीटरचे वगैरे सगळे वापरून झाले. आता गप्प आहेत ती बटणंच. पण साहेब, बटणाचा नंबर काढायचा तर आधी त्यांच्या घरी फोन करतो आपण."

"हा नियम कुणी केला?"

"मीच."

"मग तुम्हीच मोडा. गुरुवारी डेमो आहे."

वाटपेने नियम लगेच मोडला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याच्याकडच्या यादीत नुसते नंबर. नावं आणि फोन दुसऱ्या खात्याकडे. त्याने ते मागवले. त्यांनी पहिले एकसष्ट पाठवले, बाकीचे शुक्रवारी देतो म्हणाले. ते एकसष्ट फोन त्याने एका दिवसात स्वतः केले. "आजी गेल्या हो मागेच." "ते होय, ड्रॉवरमध्ये पडलंय कुठेतरी." कुणी ओरडलं, कुणी उचललाच नाही. आणि दोन घरांत म्हाताऱ्या माणसांनी स्वतः फोन घेतला. त्यातली एक बाई तर खुशीत येऊन म्हणाली, "गळ्यातच आहे की माझ्या! का हो, चालत नाही का?" त्या दोघांचे नंबर त्याने यादीतून वगळले आणि त्यांच्या जागी आणखी दोन गप्प नंबर घेतले.

एकसष्टात दोन. उरलेल्या साडेतीनशेत आणखी दहा-बारा असणार, हे वाटपेला तिथल्या तिथे कळलं. त्याचं कामच ते होतं. त्याने खुर्ची मागे सरकवली, चष्मा पुसला, परत लावला. शुक्रवारी फोन नंबर आले की करू, असं त्याने स्वतःला बजावलं. नंतर केले तरी काय बिघडतं? आणि बुधवारी दुपारी चारशे बाराच्या चारशे बारा नंबर त्याने नव्या सेन्सरना देऊन टाकले. ताईचा नंबर कोणता, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पासष्ट हजार नंबर ज्याच्या हाताखालून गेले, त्याला तो एक बघायला दोन मिनिटं सापडली नव्हती.

गुरुवारचा डेमो झकास झाला. भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर शहराचा नकाशा, नकाशावर नऊ हजार ठिपके: गाडी असेल तर लाल, नसेल तर पांढरा. गिऱ्हाईकाकडून तिघं आले होते. पावणेतीनच्या सुमारास त्यांतल्या एका बाईंनी पडद्याकडे बोट केलं.

"तो कोपऱ्यातला ठिपका असा का करतोय? लाल होतो, पांढरा होतो, परत लाल."

साहेबांनी वाटपेकडे पाहिलं. वाटपे उठला आणि पडद्याजवळ गेला. एक ठिपका खरंच लुकलुकत होता. लाल. मग पांढरा. थोडं थांबून लाल.

"सेन्सर नवीन आहे," तो म्हणाला. "बसेल हळूहळू."

"नाहीतर कुणीतरी गाडी लावायला शिकत असेल," साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. वाटपेही हसला. पुढे अर्धा तास तो ठिपका तसाच चालू राहिला आणि मग पांढरा होऊन थांबला.

सहाच्या सुमारास ताईच्या शेजारणीचा फोन आला.

ताईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दुपारी दोनपासून ती मोरीच्या ओल्या फरशीवर पडून होती. शेजारीण कामावरून आली तेव्हा तिला भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू आलं. हॉस्पिटलमध्ये वाटपे पोचला तेव्हा ताईला इंजेक्शन दिलेलं होतं, ओठ सुकून पांढरे पडले होते, आणि बटण गळ्यातच होतं.

"दाबलं नाहीस का गं?" त्याने विचारलं.

"दाबलं की. चांगलं पंधरा-वीस वेळा दाबलं." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "दर वेळी हिरवा दिवा लागायचा. तूच म्हणाला होतास, हिरवा लागला म्हणजे पोचलं. म्हटलं, पोचलंय, येईल."

भिंतीवरचा तो ठिपका वाटपेच्या डोळ्यांपुढे आला: एकाच नंबरावर ताईचं बटण एक म्हणत होतं आणि रिकाम्या जागेवरचा सेन्सर शून्य. त्याने कॉटचा गज धरला. नेटवर्कने दर वेळी तिचा निरोप घेतला होता आणि दर वेळी पोच दिली होती. गाडी उभी आहे, कळलं, धन्यवाद.

मग त्याने तिला सगळं सांगितलं. काहीही हातचं राखलं नाही. नंबर कसे संपले, बटणं महिन्यातून एकदाच का बोलू लागली, लांबचं बटण कसं ऐकूच आलं नाही, तिचा नंबर त्याने स्वतःच्या हाताने एका पार्किंगला कसा दिला, दुपारी पडद्यासमोर उभा राहून तो काय म्हणाला. बोलता बोलता त्याला रडू फुटलं. पन्नाशीचा माणूस नाक ओढत होता आणि शेजारच्या कॉटवरची बाई तोंड फिरवून बसली होती.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग ती थकल्या आवाजात म्हणाली, "लहानपणीही तू असाच. उशीर झाला की शंभर गोष्टी सांगायचास. पुलावर गर्दी होती, चप्पल तुटली, मास्तरांनी थांबवलं."

"ताई, अगं खरंच सांगतोय. तुझी हाक माझ्यापर्यंत आलीच नाही."

"दिवा लागत होता रे. मी डोळ्यांनी बघितला." तिने डोळे मिटले. "मला राग नाही आला. तीनच्या पुढे मीच मनाशी म्हटलं, मोठी मीटिंग असेल, मध्येच कसा उठेल तो. मग दाबायची थांबले. तुला उगाच चारचौघांत लाज नको."

वाटपेने बाहीने नाक पुसलं.

"एवढं नंबर-बिंबर कशाला लावतोस? कामात होतो म्हण ना सरळ. मला चालेल."

नर्स आली, सलाईनची बाटली बदलून गेली. ताई डोळे मिटून वाट बघत होती.

"कामात होतो, ताई," तो म्हणाला.

"हं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा सैल झाला.