मागे राहिलेला चष्मेवाला

मी एक जुनी प्रवासपेटी आहे, मित्रांनो. आता स्थानकाच्या मागच्या खोलीत धूळ खात उभी आहे. तक्रार नाही. थकले आहे, एवढंच.

नवी होते तेव्हा माझा तोरा काय सांगू! माणूस आत उभा राहायचा, मी त्याला नखशिखांत वाचायचे, आणि दूरच्या गावातल्या पेटीतून तो तसाच्या तसा बाहेर पडायचा. इथे मागे काही उरायचं नाही, कारण ते मी पुसून टाकायचे. लोक तोंडभरून कौतुक करायचे. पुसलं जातं ते काय, हे कुणीच विचारलं नाही.

एका दुपारी एक म्हातारा चष्मेवाला आला. लेकीला मुलगी झाली होती, तिला पाहायला निघाला होता. दुकान बायको सांभाळणार होती. ती त्याला सोडायला आली होती. मी नेहमीसारखं काम केलं. पलीकडून पोचल्याचा निरोप आला. दार उघडलं, तर चष्मेवाला आतच! निघायला अजून किती वेळ आहे, असं विचारत होता.

माझी पुसायची कळ अडकली होती. मला चालवणाऱ्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, की खरा प्रवासी पोचला आहे. मागे उरली ती नक्कल, हाताने कळ दाबून पुसून टाका.

चष्मेवाल्याने सगळं ऐकलं. तिकडे कुणीतरी त्याच्याच हातांनी त्याच्या नातीला उचलून घेतलं होतं.

"मी तर इथून हललोही नाही," तो हळूच म्हणाला. "मग नक्कल मी कसा?"

बायकोने त्याचा हात घट्ट धरला. "साहेबांना सांगा, हे माझे आहेत. आणि तिकडे पोचलेत, तेही माझेच. पुसायला तुम्हाला कुणी मिळणार नाही."

बाईंनी माझी वीजच तोडून टाकली. त्यांची नोकरी गेली, पण दोन्ही चष्मेवाले जगले.

आठवड्याने पलीकडे पोचलेला चष्मेवाला गाडीरस्त्याने परत आला. दोघे माझ्यासमोरच्या बाकावर बसले, बायकोही शेजारी होती. मग एकाने दुसऱ्याचा वाकडा झालेला चष्मा काढला, काड्या सरळ केल्या आणि पुन्हा त्याच्या नाकावर ठेवला. बेचाळीस वर्षांचा संसार दोघांनाही सारखाच आठवत होता. घर मात्र एकच होतं. आलेला उठला, त्याने बायकोकडे डोळे भरून पाहिलं आणि तो लेकीच्या गावी कायमचा निघून गेला. त्या दिवशी बायको कितीतरी वेळ रडली. तिच्या शेजारी नवरा बसलेला असूनही.

बाईंनी वीज तोडली तेव्हापासून मी बंद आहे. चष्मेवाल्याआधी मी पुसलेल्या प्रत्येकाला 'मी तर इथून हललोही नाही' हेच म्हणायचं असेल का, या विचाराने जीव शिणतो.

आता मला दुरुस्त करायचं चाललंय म्हणे. करा. पण कुणाला नक्कल म्हणण्याआधी त्याला समोर बसवा. तो कुणाचा आहे, त्याची वाट कोण पाहतंय, ते विचारा. मी हजारो माणसं वाचली, मित्रांनो. विचारलं एकालाही नाही.