वरून सोडलेला नारळ

नारळी पौर्णिमेला गोखिवऱ्याच्या इनामदारांचा नारळ आल्याशिवाय पाचूबंदरची एकही होडी हलत नाही. यंदा आबासाहेबांचे गुडघे दुखत होते, म्हणून तो मान लेकीकडे, उन्नतीकडे आला. नारळ घ्यायला उभा होता कोळ्यांच्या म्होरक्याचा, तांडेलाचा मुलगा प्रितेश. दोन वर्षं दोघं चोरून भेटत होती.

आणि रीत तरी कसली मेली! इनामदाराने नारळ वरून सोडायचा, कोळ्याने उपरण्यात झेलायचा, हाताला हात लागता कामा नये. "यंदा मी तुझ्या हातात देणार, सगळ्यांदेखत," असं उन्नतीनेच त्याला सांगितलं होतं. मग घरी वेगळं काही सांगायला नको.

म्हणून प्रितेशने उपरणं आणलंच नव्हतं. त्याने दोन्ही हात पुढे केले. उन्नतीने मागे पाहिलं. खुर्चीत बसलेले आबासाहेब लेकीकडे कौतुकाने बघत होते. ते रागावलेले असते तर तिला सोपं गेलं असतं. तिचे हात कधी वर गेले आणि नारळ कधी सुटला, तिचं तिलाच कळलं नाही.

प्रितेशने तो झेलला, कपाळाला लावला आणि पहिल्यांदाच तिला म्हणाला, "येतो, बाईसाहेब."